बर्डीवरचा समुद्र

नागपूरच्या सीताबर्डीहून समुद्र गाठायचा तर रात्रभर विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसावं लागतं. ऐंशीच्या दशकात बर्डीत वाढलेल्या माझ्यासारख्या बहुतेक पोरांनी तो पाहिला नव्हता. आमचं पाणी म्हणजे शुक्रवारी तलाव आणि फुटाळा. पण समुद्राच्या तळाशी काय काय असतं ते आम्हांला तोंडपाठ होतं, कारण ते सगळं भाड्याच्या कॉमिक्समधून आमच्यापर्यंत यायचं. माझ्या वडिलांचा मोदीच्या गल्लीत तसल्याच पुस्तकांचा ठेला होता, म्हणून या समुद्राचा इतिहास मला सांगावासा वाटतो.

आधी त्या धंद्याबद्दल, कारण तो आता कुणी लिहून ठेवत नाही. नवा अंक आला की वडील आधी त्याच्या पिना काढायचे. पिना गंजतात आणि कागद खातात. मग दाभणाने तीन भोकं पाडून जाड दोऱ्याने अंक शिवायचा, मागेपुढे खाकी पुठ्ठा लावायचा आणि मुखपृष्ठ त्या पुठ्ठ्यावर खळीने चिकटवायचं. खळीत मोरचूद घालायची, नाहीतर झुरळं लागत. एवढं केलं की अंक शेकडो हातांतून गेला तरी टिकायचा. भाडं दिवसाला चार आणे, ताज्या अंकाला आठ आणे. बाकावर बसून तिथंच वाचलं तर त्याहून कमी. मोठी माणसं बाबूराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक न्यायची. हिंदी वाचणारे वेदप्रकाश शर्मा मागायचे. नागपूर 1956 पर्यंत, आधी मध्य प्रांताची आणि मग मध्य प्रदेशाची, राजधानी होतं, त्यामुळे बर्डीवरचं गिऱ्हाईक दोन्ही भाषा सारख्याच सहजपणे वाचायचं. हे ध्यानात ठेवा, कारण पाण्याखालचा आमचा नायक आला तो हिंदीतून.

त्याच्या आधी वेताळ होता. टाइम्स ऑफ इंडियाने मार्च 1964 मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं आणि त्याची मराठी आवृत्तीही निघू लागली. ली फॉकचा हा नायक जंगलातला, पण त्याच्या घराण्याची गोष्ट सुरू होते ती समुद्रात: 1536 साली चाचे जहाज लुटतात, बाप मारला जातो आणि मुलगा लाटांबरोबर किनाऱ्याला लागतो. वेताळाचे दोन डॉल्फिनही होते, सॉलोमन आणि नेफर्टिटी. पण वेताळाला पाण्याखाली श्वास घेता येत नसे, आणि दहा वर्षांच्या पोराला नेमकी तीच गोष्ट हवी असते.

कॉमिक्समध्ये ती आधी अमेरिकेत घडली. 1939 मध्ये बिल एव्हरेट नावाच्या चित्रकाराने नेमोर उभा केला. समुद्राखालच्या राज्याचा हा राजपुत्र माणसांवर भयंकर चिडलेला होता, आणि थेट न्यूयॉर्कवर चालून गेला. दोन वर्षांनी, नोव्हेंबर 1941 च्या 'मोअर फन कॉमिक्स'च्या 73 व्या अंकात अ‍ॅक्वामॅन आला. लेखक मॉर्ट वाइझिंगर, चित्रकार पॉल नॉरिस. युरोपात युद्ध पेटलेलं होतं. पहिल्याच गोष्टीत जर्मन पाणबुडी निर्वासितांचं जहाज फोडते आणि पाण्यातून वर येऊन हा माणूस त्यांना वाचवतो. मला ही सुरुवात फार मोलाची वाटते. नायकाचं पहिलं काम होतं बुडणाऱ्याला हात देणं.

त्याहून मोलाचं आहे ते त्याच्या शक्तीचं मूळ. 1941 चा अ‍ॅक्वामॅन कुणा राणीचा मुलगा नव्हता. त्याचे वडील समुद्रसंशोधक. त्यांना तळाशी एका बुडालेल्या नगरीचे अवशेष सापडतात, तिथल्या लोकांचं शास्त्र ते अभ्यासतात आणि त्या ज्ञानाच्या बळावर मुलाला पाण्यात जगायला शिकवतात. म्हणजे ही शक्ती शिकण्यातून आलेली होती. पुढे 1959 मध्ये, रमोना फ्रॅडन त्याची चित्रं काढत होत्या त्या काळात, ही जन्मकथा बदलली. आता आई अटलांटिसची, वडील दीपगृहाचे रखवालदार, आणि शक्ती आईच्या रक्तातून. हळूहळू तो अटलांटिसचा राजाच झाला. 1962 मध्ये त्याच्या नावाचं स्वतंत्र नियतकालिक निघालं, 1964 मध्ये मीरा नावाच्या नायिकेशी लग्न झालं, 1977 मध्ये त्याचं तान्हं मूल मारलं गेलं, आणि 2018 चा चित्रपट तर सगळा गादीच्या वारसाचाच आहे. जगभर तो प्रचंड चालला. माझं मत मात्र पक्कं आहे: शिकून पाण्यात गेलेला मुलगा रक्ताने राजा झालेल्या माणसापेक्षा मोठा. 1959 मध्ये त्या गोष्टीने काहीतरी गमावलं.

म्हणून मला सुपर कमांडो ध्रुव जवळचा वाटतो. दिल्लीच्या राज कॉमिक्सने 1987 मध्ये 'प्रतिशोध की ज्वाला' काढलं. लेखन आणि चित्रं दोन्ही अनुपम सिन्हांची. ज्युपिटर सर्कशीतल्या कसरतपटूंचा हा मुलगा. सर्कस जळते, आईवडील जातात, आणि एक पोलीस अधिकारी त्याला घरी नेऊन वाढवतो. निळा-पिवळा पोशाख, मोटारसायकल, पट्ट्यात स्टारब्लेड. उडता येत नाही, गोळी लागली तर रक्त येतं. पशुपक्ष्यांची भाषा तो सर्कशीतच शिकला. आणि पाण्याखाली श्वास घ्यायची ताकद त्याला मिळाली ती स्वर्णनगरीच्या धनंजयकडून. समुद्राच्या तळाशी वसलेली, विज्ञानात आपल्या कितीतरी पुढे गेलेली ही नगरी. ध्रुव तिथला नाही, तिच्या गादीवर त्याचा हक्क नाही, तिथल्या लोकांनी ती ताकद त्याला मैत्रीने दिली. 1941 च्या त्या संशोधकाच्या पोराचा खरा भाऊ मला अटलांटिसमध्ये न सापडता असा ध्रुवाच्या राजनगरात सापडला.

बर्डीच्या पोरांना स्वर्णनगरी समजावून सांगावी लागली नाही. दुर्योधनाने विष घालून गंगेत लोटलेला भीम नागलोकात पोचतो, वासुकीकडे आठ कुंडं रस पितो आणि दुप्पट जोमाने वर येतो, हे त्यांनी आजीकडून ऐकलेलं होतं. पाण्याखाली दुसरं जग असतं आणि तिथून माणूस बळ घेऊन परततो, ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे.

मग मराठीत असा नायक का झाला नाही? हात तर होते. राज कॉमिक्सच्या नागराजाला 1986 मध्ये पहिलं रूप दिलं ते पुण्याच्या प्रताप मुळीकांनी. अमर चित्रकथेतले कितीतरी वीर याच माणसाच्या कुंचल्यातले. त्यांच्यानंतर नागराज रेखाटणाऱ्यांत संजय अष्टपुरे होते. पाण्याखालची गोष्टही आपल्याला परकी नव्हती. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला होता, आणि व्हर्नचा कॅप्टन निमो तर मुळात बुंदेलखंडचा राजपुत्र दक्कार. चित्रकार होते, गोष्टी होत्या, बाकावर वाचणारी पोरं होती. मराठीत आपल्याच नायकाचा रंगीत अंक दर महिन्याला काढून तो गावोगावच्या ठेल्यांपर्यंत पोचवणारा प्रकाशक तेवढा उभा राहिला नाही. वडिलांना याची खंत होती. मराठी अंक मागणाऱ्या मुलाला ते जुना वेताळ काढून द्यायचे आणि म्हणायचे, "हा वाच बाबू, दुसरा नाही आपल्यात."

1990 मध्ये इंद्रजाल बंद पडलं. त्यानंतर घरोघर केबल आली आणि बाकावरची गर्दी ओसरली. वडिलांनी ठेला उठवला तेव्हा शिवलेले अंक रद्दीत वजनावर गेले, थोडेसेच मी वाचवले. खाकी पुठ्ठ्यांवर त्यांच्या हातचे क्रमांक अजून दिसतात. आज संग्राहक कोरे, न शिवलेले अंक शोधतात, आणि भाड्याने फिरलेल्या अंकाला किंमत देत नाहीत. मला ते पटत नाही. कोऱ्या अंकावरून छापखाना कळतो, पण शिवलेल्या अंकावरून वाचणारं गाव कळतं.

तेव्हा एक विनंती. महाल, इतवारी, धंतोली, बर्डी, कुठल्याही घराच्या माळ्यावर असे पुठ्ठा लावलेले अंक असतील, तर ते रद्दीत घालू नका. राजाराम सीताराम दीक्षित वाचनालय बर्डीवरच आहे, विदर्भ साहित्य संघ झाशी राणी चौकात आहे. अशा एखाद्या ठिकाणी या अंकांसाठी एक कपाट मिळावं म्हणून आपण मिळून मागणी करू. माझ्याकडचे अंक मी सगळ्यांत आधी देईन.