भिवंडीचे मोहल्ले आणि पोलीस

भिवंडी म्हटले की लोकांना यंत्रमाग आठवतात आणि दंगली. १९७० आणि १९८४ ही दोन साले तर पाठच असतात. १९९२चा डिसेंबर मात्र कुणी सांगत नाही, कारण मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्या शांततेमागे चार वर्षांची मेहनत होती. आपल्या मुलांना ती माहीत असावी असे मला वाटते.

७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली आणि तिचे लोण जळगावपर्यंत गेले. न्यायमूर्ती मादन आयोगाने आपल्या अहवालात पोलिसांच्या विशेष तपास पथकाच्या पक्षपातावर कठोर ताशेरे ओढले. चौदा वर्षांनी पुन्हा तेच. मुसलमान वस्तीत पोलिसाची खाकी दिसली की दारे बंद व्हायची, यात नवल ते काय!

१९८८मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. शांतता समित्या तेव्हाही होत्या. वातावरण तापले की शहरातल्या मान्यवरांना बोलवायचे, चहा पाजायचा, एकोप्याची भाषणे ऐकायची. खोपडेंनी जुन्या दंगलींचा अभ्यास करून वेगळी वाट धरली. सुमारे सत्तर मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. प्रत्येकीत पन्नासेक माणसे, हिंदू-मुसलमान बरोबरीने. नेहमीच्या पुढाऱ्यांऐवजी लूमवर राबणारे, भाजी विकणारे, रिक्षा चालवणारे, घरातल्या बायकाही. प्रत्येक कमिटीशी पोलीस जोडलेले. बैठकीत धर्माची चर्चा कमीच, शेजाऱ्यांची भांडणे, उधारी, घरगुती कटकटी असले किरकोळ विषय जास्त. पण दंगलीची ठिणगी याच किरकोळ गोष्टींतून उडते, हे खोपडेंनी हेरले होते.

‘मोहल्ला’ हा शब्द मूळ अरबी. प्रवासी जिथे उतरतो, मुक्काम करतो, ती जागा. पोलीसही तिथे धाड घालायला नव्हे, बसायला उतरले, हा मला या प्रयोगाचा गाभा वाटतो. एरवी ज्या पोलिसाला आपण फक्त मोर्चात समोर उभा पाहतो, त्याचे नाव माहीत असले की अफवा आल्यावर त्यालाच विचारता येते. त्यालाही मोहल्ल्यातला कोण गुंड आणि कोण कारागीर हे कळू लागते, मग सगळ्या गल्लीवर लाठी चालवायची गरज उरत नाही.

बाबरी मशीद पाडली गेली तोवर खोपडेंची बदली झाली होती. त्यांच्या जागी आलेल्या गुलाबराव पोळ यांनी कमिट्या चालू ठेवल्या. मुंबईत दोन महिन्यांत नऊशेच्या आसपास माणसे गेली. जवळच्या भिवंडीत एकही नाही.

हा किस्सा बहुधा एका हुशार अधिकाऱ्याचा पराक्रम म्हणून सांगितला जातो. खोपडेंचे श्रेय मोठेच आहे. पण दिवसभर लूमवर उभे राहून संध्याकाळी बैठकीला येणाऱ्या माणसाचे काय? १९८४मध्ये घर गमावलेल्या माणसाने पोलिसाशेजारी सतरंजीवर बसायचे, याला काळीज लागते. आणि कमिटी झाली म्हणून जुना हिशेब मिटला, असेही कुणी समजू नये. मादन अहवालातल्या दोषींना शिक्षा हा वेगळा प्रश्न होता. तो मोहल्ल्याने सतरंजीवर बसून सोडवायचा नव्हता, सरकारने सोडवायचा होता.

पुढे अधिकारी येत-जात राहिले, उत्साह ओसरला. कमिट्या चालवणे हे पोलिसांचे नेहमीचे काम बनलेच नाही, साहेबांच्या आवडीवर राहिले. जुलै २००६मध्ये कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून तंटा पेटला. गोळीबारात दोघे गेले आणि जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार मारले. वाद होता एका जागेचा. पोलिसांना ठाणे हवे होते, लोकांना आपल्या मुर्द्यांची जमीन. असले तंटे मिटवायलाच तर त्या सत्तर बैठका भरत होत्या.