सीडी३४, सीडी४४, सीडी१३३: कर्करोगाच्या मूळ पेशी कशा ओळखतात?

समजा, शिरूर कासारच्या एखाद्या रुग्णाचा नमुना तपासणीसाठी पुण्याला गेला आणि मोबाईलवर रिपोर्ट आला: ‘सीडी३४ पॉझिटिव्ह’. घरातल्या कोणीतरी ते इंटरनेटवर शोधले. ‘कर्करोगाच्या मूळ पेशी’, ‘आजार उलटतो’ असे शब्द दिसले आणि सगळे घर हादरले. या खुणेचा खरा अर्थ काय?

मूळ पेशी म्हणजे काय?

शेतातली हरळी वरून कितीही खुरपली, तरी जमिनीत काशा राहिल्या की ती पुन्हा फुटते. काही कर्करोगांत असेच घडते. बहुतेक कर्कपेशी काही वेळा विभागून थांबतात. थोड्या पेशी मात्र स्वतःसारख्या नव्या पेशी घडवत राहतात आणि संपूर्ण आजार पुन्हा उभा करू शकतात. याच कर्करोगाच्या मूळ पेशी, म्हणजे कॅन्सर स्टेम सेल. केमोथेरपीचा मारा मुख्यतः वेगाने विभागणाऱ्या पेशींवर असतो. मूळ पेशी अनेकदा सुप्त असतात, म्हणून त्यातून वाचू शकतात.

‘सीडी’ क्रमांक कशाचा?

पेशीच्या पृष्ठभागावर अनेक प्रकारची प्रथिने असतात. त्यांना जगभर एकच नाव असावे म्हणून १९८२ साली पॅरिसच्या परिषदेपासून सीडी क्रमांक देणे सुरू झाले. तपासणीत ठरावीक प्रथिनालाच चिकटणारी, चमकणारा रंग जोडलेली प्रतिपिंडे नमुन्यात मिसळतात. मग फ्लो सायटोमीटर यंत्रात एकेक पेशी लेझरसमोरून जाते आणि तिच्यावर कोणत्या खुणा आहेत ते कळते.

प्रमुख खुणा

- तीव्र मायलॉइड ल्युकेमिया: सीडी३४ आहे, सीडी३८ नाही. टोरांटोच्या जॉन डिक यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखवले की अशा पेशी उंदरात ल्युकेमिया निर्माण करतात. पुढे सीडी१२३ ही खूणही सापडली.
- स्तन: सीडी४४ आहे, सीडी२४ नाही किंवा अत्यल्प. २००३ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात अशा जेमतेम १०० पेशींनी उंदरात गाठ तयार केली. इतर खुणांच्या हजारो पेशींना ते जमले नाही.
- मेंदू आणि मोठे आतडे: सीडी१३३.
- बीजाशय: सीडी४४ आणि सीडी११७.

बीजाशयाच्या कर्करोगातील महत्त्वाचे काम पुण्यात झाले. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील डॉ. शर्मिला बापट आणि सहकाऱ्यांनी एका रुग्णाच्या पोटातील पाण्यातून मूळ पेशींसारख्या पेशी वेगळ्या केल्या. हे संशोधन २००५ मध्ये प्रसिद्ध झाले.

खूण म्हणजे पुरावा नव्हे

सीडी३४ निरोगी रक्ताच्या मूळ पेशींवरही असते. प्रत्यारोपणासाठी दात्याच्या मूळ पेशी पुरेशा मिळाल्या का, हे याच खुणेवरून मोजतात. उलट, ल्युकेमियाच्या काही रुग्णांत आजार उभा करणाऱ्या पेशींवर सीडी३४ नसतेच. त्वचेच्या मेलानोमात २००८ च्या एका अभ्यासात साधारण चारपैकी एक पेशी गाठ तयार करू शकली आणि तिला वेगळी काढणारी कोणतीही खूण सापडली नाही. म्हणून खरी कसोटी एकच: ती पेशी नव्याने कर्करोग उभा करते का?

उपचारांतला पेच

ज्या खुणेवर औषध नेम धरते, ती निरोगी पेशींवर असली तर त्याही मरतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटरच्या सहकार्यातून घडलेल्या ‘नेक्सकार१९’ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. तो सीडी१९ वर नेम धरतो. ती मूळ पेशींची खास खूण नाही, ती बी-पेशींवर असते. निरोगी बी-पेशी गेल्या तरी योग्य काळजी घेऊन रुग्ण सावरू शकतो. सीडी१२३ मात्र रक्त घडवणाऱ्या निरोगी पेशींवरही काही प्रमाणात असते, म्हणून तिथे धोका मोठा.

रिपोर्टमध्ये सीडी३४ दिसले तर?

घाबरू नका. नेहमीच्या तपासणीत ही खूण एवढेच सांगते की पेशी अपरिपक्व आहेत. त्यावरून ल्युकेमियाचा प्रकार ठरवायला मदत होते. आजार उलटेल की नाही, हे या एका शब्दावरून ठरत नाही. त्यासाठी जनुकीय तपासण्या आणि उपचारांनंतर उरलेल्या कर्कपेशींचे प्रमाण पाहतात. रिपोर्ट ग्रुपवर टाकण्याआधी डॉक्टरांना दाखवा. ‘मूळ पेशी मारणारा’ काढा किंवा गोळी विकणाऱ्या मेसेजवर विश्वास ठेवून सुरू असलेले उपचार थांबवू नका.