जी. डी. सी. अँड ए. परीक्षा

सहकार आणि लेखा या विषयांतील महाराष्ट्र शासनाची पदविका, आणि तिच्यासाठी दर वर्षी साधारणपणे मे महिन्यात होणारी लेखी परीक्षा. पुण्यातील सहकार आयुक्त व निबंधक कार्यालयाकडून ती घेतली जाते. पेपर सहा. सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण करणाऱ्यांच्या यादीत नाव लागण्याची ही एक वाट आहे. दुसरी वाट सनदी लेखापालाची, म्हणजे सीएची. त्या वाटेवर १९४९च्या कायद्याने स्थापन झालेली संस्था, तीन पातळ्यांच्या परीक्षा आणि आर्टिकलशिप असा लांबचा प्रवास आहे. पदविकेची वाट आखूड. नोकरी, शेती किंवा दुकान सांभाळून रात्री अभ्यास करणाऱ्याला ती पेलते, म्हणून खेड्यापाड्यांत तिचे नाव अधिक परिचयाचे. पेपर मराठीत लिहिता येतो, हे त्यामागचे दुसरे कारण.

अशाच खेड्यांपैकी एक म्हणजे बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील युसूफ वडगाव. या पट्ट्यात ‘सोसायटी’ म्हटले की डोळ्यांसमोर येते ती विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था. मुंबईकराला आठवणारी फ्लॅटची इमारत नव्हे. पीक कर्ज राज्य सहकारी बँकेकडून जिल्हा मध्यवर्ती बँकेत, तिथून सोसायटीत आणि सोसायटीतून शेतकऱ्याच्या खात्यावर येते. अशा सोसायटीचे दप्तर बहुधा गटसचिव लिहितो, आणि त्याच्याकडे एकाहून जास्त गावे असतात. जोडीला पतसंस्था, दूध संस्था. या सगळ्यांच्या वह्या वर्षातून एकदा कोणीतरी तपासायच्या असतात. परीक्षेची तयारी म्हणजे त्या ‘कोणीतरी’ची तयारी.

तयारीतला खरा अडसर कायद्यात नाही, पाठांतरातही नाही. तो आहे वहीच्या डाव्या-उजव्या बाजूत. बी. कॉम.ला शिकवतात ती द्विनोंदी पद्धत: नावे डावीकडे, जमा उजवीकडे. सहकारी संस्थांत मात्र सेंट गॉल पद्धत रुळली आहे. नाव स्वित्झर्लंडमधील शहराचे, पण रोजकिर्द जवळपास आपल्या जुन्या पेढीसारखी: जमा डावीकडे, नावे उजवीकडे, आणि खतावणी करतानाही नोंद त्याच बाजूला उतरते. सभासदाने १०,००० रुपयांची ठेव रोखीने भरली, तर द्विनोंदीत रोकड खाते नावे आणि ठेव खाते जमा. सेंट गॉलमध्ये रोजकिर्दीच्या डाव्या बाजूला ठेव जमा, खतावणीतही डाव्या बाजूला ठेव जमा. रोख शिलकेचा हिशेब रोजकिर्दीतच सुटतो. किराणा दुकानाचा रोजमेळ लिहिलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. अडखळतो तो पदवीधर, कारण तीन वर्षे घोटलेले त्याला आधी विसरावे लागते. (कॉमर्सची पदवी नसलेला उमेदवार लेखाशास्त्राच्या पेपरात कधी कधी पुढे निघून जातो, तो यामुळेच.)

या पद्धतीचे दुसरे अंग म्हणजे रोख आणि वर्ग असे वेगळे रकाने. पैसा हातातून गेलाच नाही, नुसता एका खात्यातून दुसऱ्यात गेला, तर नोंद दोन्ही बाजूंना वर्गाच्या रकान्यात पडते. डिसेंबर २०१९मध्ये जाहीर झालेली महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना हे त्याचे चालतेबोलते उदाहरण. १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात घेतलेल्या अल्पमुदत पीक कर्जाची ३० सप्टेंबर २०१९ रोजीची २ लाख रुपयांपर्यंतची थकबाकी तिने माफ केली. शेतकऱ्याच्या हातात नोट आली नाही. कर्ज खाते मात्र निरंक झाले. सोसायटीच्या वहीत ते कसे दिसायला हवे, बँकेकडील देणे त्याच रकमेने उतरले का, थकीत व्याजासाठी केलेल्या तरतुदीचे काय झाले, हे तीन प्रश्न नीट सोडवता आले की लेखाशास्त्राचा मोठा भाग हाताशी आला असे समजायला हरकत नाही.

कायद्याच्या अभ्यासाचा कणा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०. तो २६ जानेवारी १९६२पासून अमलात आला. बीड जिल्हा १९५६पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे इथल्या संस्थांची जुनी कागदपत्रे वेगळ्या कायद्याखालची. त्याही मागे, निजामाच्या राजवटीत, हिशेब हाली सिक्क्यात चाले. ७ हाली रुपये म्हणजे ६ कलदार, अर्थात ब्रिटिश भारताचे रुपये, हे गणित त्या काळच्या कारकुनाला तोंडपाठ असे. परीक्षेत ते विचारत नाहीत.

विचारतात ते आकडे असे: निव्वळ नफ्यातून किमान २५ टक्के राखीव निधीला, लाभांश १५ टक्क्यांपर्यंत. कलम ८१ मात्र ओळीओळीने वाचावे लागते. वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत लेखापरीक्षण पुरे करायचे, सर्वसाधारण सभेने लेखापरीक्षक शासनमान्य यादीतून नेमायचा, तोच माणूस सलग तीन वर्षांहून अधिक ठेवायचा नाही. एका लेखापरीक्षकाने वर्षाला २० संस्थांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही. वसूल भांडवल १ लाखाच्या आत असलेल्या संस्था या मोजणीत धरत नाहीत. ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक ‘एन’ नमुन्यात, आणि अहवालात दाखवलेल्या दोषांची दुरुस्ती संस्थेने ‘ओ’ नमुन्यात कळवायची. अपहार दिसला तर गप्प बसण्याची मुभा लेखापरीक्षकाला नाही: निबंधकाकडे विशेष अहवाल आणि त्यांच्या लेखी परवानगीने पोलिसांत फिर्याद, ही त्याचीच जबाबदारी.

ही जबाबदारी बीडमध्ये पुस्तकी राहिलेली नाही. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेट या पतसंस्थेत मराठवाड्यातील असंख्य ठेवीदारांचे पैसे अडकले, २०२४मध्ये गुन्हे दाखल झाले आणि प्रकरण सक्तवसुली संचालनालयापर्यंत गेले. इथे उमेदवाराने एक भेद ध्यानात ठेवायचा असतो. मल्टिस्टेट संस्था २००२च्या केंद्रीय कायद्याखाली नोंदलेल्या असतात; राज्याचा १९६०चा कायदा आणि त्यातले कलम ८१ त्यांना लागू नाही. पाटीवर दोन्हीकडे ‘सहकारी’च लिहिलेले असते, त्यामुळे ठेवीदाराला हा फरक कळत नाही.

तयारीची रीत साधी आहे आणि कंटाळवाणी. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायच्या. तेरीज, म्हणजे ट्रायल बॅलन्स, जुळेपर्यंत उठायचे नाही. फरक निघाला तर आधी त्याला दोनने भागून ती रक्कम चुकीच्या बाजूला पडली का ते पाहायचे, मग नऊने भाग जातो का ते पाहून आकड्यांची अदलाबदल शोधायची. पण याहून उपयोगी पडते ते गावातल्या संस्थेचे जुने दप्तर. सचिवाने पाहू दिले, तर रोजकिर्द, पावतीपुस्तक, कर्जरोखे आणि सभेचे इतिवृत्त समोरासमोर ठेवून रुजवात घेता येते. इतिवृत्तात ठराव नसलेले कर्ज, खाडाखोड केलेली तारीख, हातावरील शिल्लक मर्यादेबाहेर: लेखापरीक्षणाच्या पेपरात जे मुद्दे म्हणून लिहायचे, ते इथे शाईत दिसतात.

उत्तीर्ण होताच यादीत नाव येते असे नाही. प्रमाणित लेखापरीक्षक होण्यासाठी पदवी आणि पदविकेबरोबर लेखापरीक्षणाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. तोवर बहुतेक जण एखाद्या जुन्या लेखापरीक्षकाच्या हाताखाली राहतात आणि एप्रिल ते जुलै, म्हणजे ऐन उन्हाळ्यापासून पेरण्या होईपर्यंत, गावोगावची दप्तरे उलगडतात.

दप्तरही आता बदलते आहे. २९ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे वर आलेल्या सेवा सोसायट्यांसारख्या संस्थांच्या, संगणकीकरणाला मंजुरी दिली. खर्च २,५१६ कोटी रुपये. नाबार्डच्या देखरेखीखाली एकाच सॉफ्टवेअरवर या संस्थांचे हिशेब आणले जात आहेत. त्यात जुन्या वह्यांतील बाकी भरताना एक-एक सभासदाची येणी आणि खतावणीतील एकूण येणी जुळवून घ्यावी लागते, आणि ज्या सोसायट्यांत ती वर्षानुवर्षे जुळलेली नाहीत तिथे काम अडते ते याच पायरीवर.