तारवट्याची रजा

१९३९चा ऑगस्ट. धोबीतलावच्या एका इमारतीचा लाकडी जिना चढून तुम्ही वर येता. लांबलचक खोली, पलंग एकही नाही. भिंतीला लागून ट्रंकाच ट्रंका, त्यातली एक तुमची. तेच कपाट, तीच बैठक आणि रात्री चटई पसरायची ती तिच्याच पुढ्यात. हा तुमच्या गावाचा कूड. गोव्यातल्या कितीतरी गावांनी मुंबईत असे कूड थाटलेत. बायकामुलांना इथे जागा नाही.

तुम्ही तारवटी, म्हणजे खलाशी. बोटीवर गोऱ्या उतारूंना जेवण वाढता. मागच्या बोटीची नळी, म्हणजे उतरताना मिळालेला दाखला, ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवलाय. सध्या हाताला काम नाही.

आणि घर काही फार लांब नाही. पावसाळ्यात आगबोट बंद असली, तरी पुणे, लोंढा, कॅसलरॉक करत रेल्वेने गोव्यातली सासष्टी गाठता येते. तुम्ही जात नाही. रोज सकाळी बटलरला तोंड दाखवायचं असतं. बोटीवर कोणाला घ्यायचं हे त्याच्या हातात, आणि माणसं जागांपेक्षा कितीतरी जास्त. हजर नसलेल्याचं नाव कोण काढणार? शिवाय त्याच्या हातावर काही ठेवावं लागतं. त्यासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज चढतंय. तारवट्यांची घरं समुद्राने रिकामी केली, असं पुढे लोक म्हणतील. मला ते अर्धंच खरं वाटतं. समुद्र निदान पगार तरी देतो. कामाची वाट बघत मुंबईत काढलेल्या या महिन्यांचा पगार कोणीच देत नाही, आणि ते दिवसही घरातूनच वजा होतात.

रात्री वेदीपुढे मेणबत्ती लागते. पत्ते बाजूला सारून सगळे गुडघ्यावर येतात, तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू होतो. रस्त्यापलीकडे गेल्या वर्षी उघडलेल्या मेट्रो सिनेमाचा खेळ सुटतोय. तुमच्या गावातल्या घरीही याच सुमाराला तेर्स चालू असेल. घरचं पत्र आलंय, पण ते शाळामास्तरांच्या अक्षरात. मास्तरांसमोर बायको काय सांगणार? सगळी खुशाल आहेत, पाऊस बरा आहे.

सप्टेंबरात युद्ध पेटतं आणि तुम्हाला बोट मिळते.

पुढची दोन वर्षं भराभर जाऊ द्या. पँट्रीत जीव नकोसा करणारा तांबडा समुद्र, इंग्लंडमधल्या टिलबरी बंदराचा गारठा, दिवे मालवून अंधारात चाललेली बोट. गोऱ्या खलाशाच्या पगाराचा चौथा-पाचवा हिस्सा तुमच्या हाती पडतो. युद्धाच्या सुरुवातीला अनेक खलाशांनी काम नाकारून तो थोडा वाढवून घेतलाय. या युद्धात सहा हजारांवर हिंदी खलाशी मरतील. तुम्ही परतता.

१९४१. तुमच्याच पैशांनी बांधलेल्या बल्कांवात, घरापुढच्या ओसरीत, तुम्ही बसला आहात. मुलगा सहा वर्षांचा झालाय. आणलेली बिस्किटं तो घेतो, पण हात लांब करून, जवळ न येता. संध्याकाळी तेर्स संपतो आणि मुलं मोठ्यांकडे बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागायला निघतात. तो आधी आजीकडे जातो, मग आईकडे, मग काकाकडे. क्रम पाठ आहे, आणि त्यात तुम्ही नाही. आजी दटावते, "आनी पायाक?" आणि बापाकडे? तो येतो, हात जोडतो, बेसांव मागतो. तुम्हीच गडबडता. काय म्हणायचं असतं, ते तोंडात यायला वेळ लागतो.

महिन्याभरात मुंबईहून निरोप येतो : बटलर माणसं घेतोय.

आता १९५५. तुम्ही रजेवर आलात आणि अडकलात. गोवामुक्तीचा प्रश्न तापलाय, सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळीबार केलाय. भारताने सीमा बंद केली, रेल्वे थांबली, पैसे पाठवण्यावर बंधनं आली. आयुष्यात पहिल्यांदाच तुम्ही घरी इतके दिवस आहात, आणि नेमकं घरात पैसे येणं बंद झालंय. दोन सरकारांनी मिळून दिलेली ही रजा तुम्ही मागितली नव्हती.

करायला काही नाही. शेताचा खंड, विहिरीची डागडुजी, मुलीची सोयरीक, सगळं तुमच्याविना ठरलेलं. तुम्ही मत देता, लोक आदराने ऐकून घेतात, मग बायकोकडे बघतात. नारळ उतरवायला आलेला पाडेली दारातल्या तुम्हालाच विचारतो, "बाय खंय?" मुलगा वीस वर्षांचा झालाय. तो तुमच्याशी फारसं बोलत नाही, पण मुंबईतला कोणता बटलर ओळखीचा आहे, हे तीनदा विचारून झालंय.

बायको सूप घेऊन तुमच्यासमोर बसते. तांदूळ निवडता निवडता विचारते, "कितले दीस रावतलो?"

इतकी वर्षं या प्रश्नाला तुमच्याकडे तारीख असायची. रागावू नका. तांदूळ किती भरून ठेवायचा, एवढंच तिला ठरवायचं आहे.