कैलपोळ्द : शिकार बंद झाली, बंदुकीची पूजा चालू आहे

आपल्याकडे खंडेनवमीला कोयता, विळा, पहार, झालंच तर मोटारसायकलही पुजली जाते. कर्नाटकाच्या दक्षिण टोकाला कोडगू जिल्ह्यात कोडवा समाज सप्टेंबरच्या सुरुवातीला, बहुधा ३ तारखेला, खरीखुरी बंदूक पुजतो. या सणाचं नाव कैलपोळ्द. ‘कैल’ म्हणजे हत्यार, ‘पोळ्द’ म्हणजे सण.

त्यामागचा हिशेब शेतीचा आहे. पावसाळ्यात भातलावणी सुरू झाली की हत्यारं बाजूला ठेवायची आणि सगळ्यांनी चिखलात उतरायचं. लावणी उरकली की ती पुन्हा बाहेर काढायची, कारण आता उभ्या पिकावर रानडुकरं येणार आणि शिकारीचे दिवसही सुरू होणार. त्या दिवशी बंदूक, तसंच ओडिकत्ती हा रुंद पात्याचा कोयता आणि पीचेकत्ती ही कमरेची कट्यार, पुसून दिव्यापुढे मांडतात. वर फुलं वाहतात ती ‘तोक पू’ची, म्हणजे बंदुकीच्या फुलांची. सह्याद्रीत पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळी फुलणारी आपली कळलावी, तीच ही. मग घरातला वडीलधारा माणूस हत्यार तरुणाच्या हाती देतो.

शिकारीचा मान या समाजात किती मोठा होता हे ‘नरी मंगल’वरून कळतं. ‘नरी’ म्हणजे वाघ, ‘मंगल’ म्हणजे लग्न. वाघ मारणाऱ्याला नवरदेवासारखं सजवून मारलेल्या वाघाशेजारी बसवत आणि पाहुणे येऊन त्याच्यावर अक्षता टाकत. मुलगा जन्मला की हवेत एक बार काढायची रीतही याच अभिमानातली. पुढे फौजेत नाव काढणारे फील्ड मार्शल करिअप्पा आणि जनरल थिमय्या याच समाजातले.

नरी मंगल आता होत नाही आणि होणारही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला. १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून शिकार करण्याची वाटही बंद झाली. जिवावर बेतलं तर स्वसंरक्षणाची सूट आहे, पण छंद म्हणून, मान म्हणून किंवा मटणासाठी रानात बार काढला तर तो सरळ गुन्हा.

मग पोरांना शिकवायचं काय? कोडगूने यावर काढलेली वाट म्हणजे नारळ. सणाच्या दिवशी उंच झाडावर नारळ बांधतात आणि खालून नेम धरतात. गावोगावी याच्या स्पर्धा होतात. पूर्वी हा पुरुषांचा खेळ, आता मुलीही उतरतात. श्वास रोखणं, नळी कुणाकडे न वळवणं, पाळी येईपर्यंत थांबणं हे सगळं इथेही शिकावंच लागतं. रानाची ओळख मात्र नारळातून होत नाही. पावलांचे ठसे, वाऱ्याची दिशा, डुकराची वाट हे जाणणारी पिढी म्हातारी झाली आहे.

बंदूक घरात राहिली ती एका जुन्या सवलतीमुळे. इंग्रजांनी १८६१ मध्ये कोडवांना हत्यारबंदीतून वगळलं आणि स्वातंत्र्यानंतरही ती सूट टिकली. कोडवांखेरीज जिल्ह्यातल्या ‘जम्मा’ जमीनधारकांनाही ती मिळते, मग ते कोणत्याही जातीचे असोत. हे बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. बाकी सगळ्यांना परवाना लागतो आणि यांना नाही, हे समानतेच्या तत्त्वाला धरून आहे का, असा सवाल उच्च न्यायालयात गेला. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने सूट वैध ठरवली. ती कायमची नाही, मुदतीची आहे, हाही मुद्दा त्यात होता. सध्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०२९ पर्यंत आहे.

सणाचं जेवण मात्र बदललेलं नाही. तांदळाच्या कण्यांचे वाफवलेले गोळे, म्हणजे कडंबुट्टू, आणि डुकराच्या मटणाची पंदी करी. फरक एवढाच, की आता डुक्कर पाळीव असतं.