विठाबाई नारायणगावकर : एका कलावतीची श्रद्धा व चिकाटी

मुखेड गावी दशरथेश्वराचे जे प्राचीन शिवालय आहे, त्याच्या बाह्यभिंतींकडे जो कोणी क्षणभर लक्षपूर्वक पाहील, त्याच्या ध्यानात एक गोष्ट आल्यावाचून राहणार नाही. तेथील शिल्पकारांनी देवाच्या घराच्या भिंतींवर नृत्य करणाऱ्या स्त्रियांना मानाचे स्थान दिले आहे. चालुक्यांच्या काळातील त्या कारागिरांस नर्तकीला देवाच्या सान्निध्यात उभी करताना यत्किंचितही संकोच वाटला नाही. पुढे मात्र समाजाची रीत पालटली. पाषाणातील नर्तकीस लोक हात जोडू लागले आणि हाडामांसाच्या नर्तकीस गावकुसाबाहेर राहुटी ठोकावयास सांगू लागले. या विसंगतीचा विचार करावा आणि तो करताना महाराष्ट्रातील एका थोर कलावतीचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्या या भागास तमाशा अपरिचित नाही. नांदेड जिल्ह्यातच, लोहा तालुक्यातील माळेगाव येथे, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून खंडोबाची यात्रा भरते. मुखेड, कंधार, अहमदपूर, उदगीर अशा चहूबाजूंच्या गावांतून शेतकरी तेथे लोटतात. घोडे, गाढवे, उंट व लाल कंधारी गुरे यांचा बाजार भरतो, कुस्त्यांचे फड रंगतात, वाघ्या-मुरळी भंडारा उधळीत देवाची गाणी गातात आणि रात्र पडली म्हणजे तमाशाच्या कनातींतून ढोलकीचा आवाज उठू लागतो. दिवसा देवाचे दर्शन आणि रात्री वगाचे दर्शन, असा हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. ज्यांनी तमाशास केवळ चाळा म्हणून हिणविले, त्यांनी तो कोठे जन्मला व कोणाच्या आधाराने जगला, हे पाहिले नाही असेच म्हणावे लागेल.

तमाशाची बांधणीच पाहा. कार्यक्रमास आरंभ होतो तो गणाने, म्हणजे गणपतीच्या स्तवनाने. त्यामागून गवळण येते. तीत कृष्ण, पेंद्या आणि मथुरेच्या बाजारास निघालेल्या गौळणी यांचा विनोदी संवाद असतो. नंतर बतावणी, लावणी आणि शेवटी रात्र सरेपर्यंत चालणारा वग. ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज ही या दरबाराची वाद्ये होत. देवाचे नाव घेतल्यावाचून पायांतील घुंगरू वाजवावयाचे नाहीत, हा दंडक निरक्षर कलावंतांनीही कसोशीने पाळला. आपल्या कष्टास आरंभ करण्यापूर्वी जो परमेश्वराचे स्मरण करितो, त्याचा कष्ट कोणत्याही प्रतीचा असो, त्यास निव्वळ पोट भरण्याचा धंदा म्हणता येत नाही.

विठाबाईंचा जन्म १९३५ सालच्या जुलै महिन्यात पंढरपूर येथे झाला. विठा हे नावच पंढरीच्या विठोबाचे. त्यांचे घराणे पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यामधील नारायणगावचे. आजोबा नारायण खुडे यांनी तमाशाचा फड उभा केला आणि वडील भाऊ व चुलते बापू यांनी तो नावारूपास आणिला. ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ हे त्या फडाचे नाव. वाचकहो, या नावातील मधला शब्द दृष्टीआड करू नका. ज्या काळी त्या जातीच्या माणसास गावच्या पाणवठ्यावर जाण्याची मुभा नव्हती, देवळाची पायरी चढण्याची सोय नव्हती, त्या काळी या भावांनी आपली जात लपविली नाही. ती फडाच्या नावात घातली आणि त्याच नावाने त्यांनी गावोगावी रसिकांची गर्दी जमविली. दीनपणाची लाज न बाळगणे हीदेखील एक प्रकारची श्रद्धाच होय. देवाने मला जेथे जन्मास घातले तेथे त्याने चूक केली नाही, असा तिचा अर्थ आहे.

अशा घरात विठाबाई वाढल्या. लहानपणीच त्या फडात उभ्या राहिल्या आणि गाणे, नाच व अभिनय यांचे शिक्षण त्यांस पाटीवर नव्हे तर फळीवर मिळाले. तमाशाचे जीवन किती कष्टाचे आहे, याची कल्पना पाहावयास बसणाऱ्यास क्वचितच येते. दसऱ्यास हंगाम सुरू होतो आणि गावोगावच्या चैत्र-वैशाखातील जत्रा उरकेपर्यंत तो चालतो. आज या गावी तर उद्या त्या गावी. रात्रभर नाचून पहाटे सामान बांधावयाचे, दिवसा प्रवास करावयाचा, दुपारी राहुटीत दोन घटका डोळा लावावयाचा आणि सायंकाळी पुन्हा चेहऱ्यास रंग लावावयाचा. मुले याच धावपळीत जन्मतात, याच धावपळीत मोठी होतात आणि त्यांची शाळा बहुधा बुडते. पावसाळ्यात काम नसते, म्हणून फडास कर्ज काढावे लागते आणि पुढील हंगामाची निम्मी कमाई त्या कर्जाच्या पोटात जाते.

विठाबाईंच्या चिकाटीची एक कथा साऱ्या महाराष्ट्रात सांगितली जाते. त्यांचे दिवस भरले होते आणि तरीही त्या फडावर नाचत होत्या. कार्यक्रम ऐन रंगात आला असता त्यांस कळा सुरू झाल्या. त्या पडद्यामागे गेल्या, तेथे बाळास जन्म दिला, दगडाने नाळ तोडिली आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे येऊन उभ्या राहिल्या. खरा प्रकार ध्यानात येताच प्रेक्षकांनीच त्यांस विश्रांती घेण्यास विनविले, असे सांगतात.

ही कथा ऐकून आपण थक्क होतो आणि ते योग्यच आहे. तथापि केवळ थक्क होऊन थांबणे बरे नव्हे. त्या बाईस पडद्यामागून पुन्हा पुढे का यावेसे वाटले, हा प्रश्न आपण स्वतःस विचारिला पाहिजे. एक उत्तर असे की, घेतलेला विडा अर्ध्यावर टाकावयाचा नाही हे कलावंताचे ब्रीद त्यांनी प्राणापलीकडे जपले. दुसरे उत्तर अधिक कठोर आहे. फडातील कैक कुटुंबांची चूल त्या रात्रीच्या कमाईवर पेटावयाची होती, आणि बाळंतिणीस विसावा देईल अशी कोणतीही व्यवस्था त्या कनातीत नव्हती. पहिले उत्तर विठाबाईंचा गौरव करिते, दुसरे आपणांस खाली मान घालावयास लाविते. चिकाटीचे गुणगान करिताना, ती चिकाटी कोणाच्या उणिवेमुळे आवश्यक झाली, हे विसरणे हा अन्यायच होय.

पुढे विठाबाईंच्या कलेस राजमान्यता लाभली. १९५७ साली आणि पुन्हा १९९० साली राष्ट्रपतींकडून त्यांचा सन्मान झाला. ‘तमाशासम्राज्ञी’ ही पदवी त्यांस लोकांनी दिली. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनीही हीच वाट धरून स्वतःच्या नावाचा फड गाजविला. परंतु कीर्ती आणि भाकरी या दोन गोष्टी निराळ्या आहेत. ज्या हातांनी सन्मान स्वीकारले, त्याच हातांवर उतारवयात कष्टाचे दिवस आले. १५ जानेवारी २००२ रोजी त्यांचे देहावसान झाले, तेव्हा औषधोपचारांचा खर्च भागविण्यासाठी दात्यांच्या औदार्यावर विसंबावे लागले होते. त्यानंतर २००६ साली महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. आयुष्यभर लोककलेची सेवा केलेल्या कलावंतांस तो दिला जातो. मरणोत्तर का होईना, नावाचे चीज झाले.

आता कोणी विचारील की, ख्रिस्तमंदिराच्या महोत्सवी स्मरणिकेत तमाशातील स्त्रीच्या चरित्राचे प्रयोजन काय? त्याचे उत्तर आपल्याच संतांच्या चरित्रात आहे. इटली देशातील संत जॉन बॉस्को यांचे नाव कोणास ठाऊक नाही? १६ ऑगस्ट १८१५ रोजी बेक्की या खेड्यात एका गरीब शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. दोन वर्षांचे होण्यापूर्वीच त्यांचे पितृछत्र हरपले आणि माता मार्गरीता यांनी मोठ्या हालअपेष्टा सोसून त्यांस वाढविले. हा मुलगा जत्रेत जाऊन डोंबाऱ्यांचे व हातचलाखी करणाऱ्यांचे खेळ बारकाईने पाही, घरी येऊन पडत-झडत त्यांचा सराव करी, आणि मग दोन झाडांस दोर बांधून त्यावरून चालून दाखवी. बघ्यांकडून तो पैसा घेत नसे. खेळाआधी सर्वांनी जपमाळेची प्रार्थना म्हणावी आणि रविवारी धर्मगुरूंनी केलेला उपदेश त्याच्या तोंडून पुन्हा ऐकावा, एवढेच त्याचे तिकीट. १८४१ साली या मुलास गुरुदीक्षा मिळाली. पुढे तुरिन शहरातील निराधार मुलांसाठी त्यांनी आश्रयस्थाने, शाळा व कारखाने काढिले. ३१ जानेवारी १८८८ रोजी ते निवर्तले आणि १९३४ साली पोप अकरावे पायस यांनी त्यांस संतपद बहाल केले. ज्या दोरीवर डोंबारी पोटासाठी चालतो, त्याच दोरीवरून एक मुलगा संतपदास पोहोचला!

याहून अलीकडचे उदाहरण पोप दुसरे जॉन पॉल यांचे. पोलंड देशात तरुणपणी ते रंगभूमीवर काम करीत, आणि जर्मनांच्या अमलाखाली जेव्हा नाटके करणे जिवावर बेतणारे होते, तेव्हा सोबत्यांसह घरांतून लपूनछपून प्रयोग करीत. याच पोपमहाशयांनी १९९९ साली जगातील कलावंतांस उद्देशून एक पत्र लिहिले आणि कलेचे देणे हे परमेश्वराच्या निर्मितिशक्तीचा अंश असल्याचे त्यात प्रतिपादिले. तात्पर्य, कलावंताकडे तुच्छतेने पाहण्याची सवय आपण धर्माच्या नावावर खपवू नये. तिला धर्माचा आधार नाही.

आणखी एक गोष्ट आपणांस अधिक जवळची आहे. मराठवाड्यातील व अहमदनगरकडील (आता अहिल्यानगर) कैक ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज ज्या वस्त्यांतून आले, त्याच वस्त्यांनी महाराष्ट्रास तमाशा दिला. हलगीवर थाप मारणारे हात, दोर वळणारे हात आणि पुढे गावोगाव ख्रिस्ताची भजने गाणारे हात हे निरनिराळ्या लोकांचे नव्हेत. मिशनरींच्या काळी आपल्या वाडवडिलांनी प्रभूची गाणी ढोलकीच्या व झांजेच्या साथीवर गाइली, तेव्हा त्यांनी काही नवे शिकून घेतले असे नाही. जे अंगी होते तेच त्यांनी देवाच्या चरणी वाहिले. आज कोणी शिकलासवरला मुलगा आपल्या आजोबांच्या हलगीची लाज बाळगू लागला, तर त्यास विठाबाईंच्या फडाचे नाव सांगावे. त्या नावात जात होती, गाव होते आणि बापाचे नाव होते; लाज तेवढी नव्हती.

विठाबाईंचा धर्म आपल्याहून निराळा होता आणि त्यांच्या भक्तीस आपले नाव देण्याचा आपणांस अधिकार नाही. परंतु ज्या गुणांची आपण रविवारच्या उपदेशात वाखाणणी करितो, ते गुण त्या बाईच्या ठायी डोळे दिपतील अशा तेजाने प्रकट झाले होते. पदरी पडलेले काम मन लावून करणे, हीन समजल्या गेलेल्या घरात जन्मूनही मान ताठ ठेवणे, आणि कष्टाच्या आरंभी देवाचे नाव घेणे, हे ते गुण होत. प्रभूने स्वतः सुताराच्या घरी हातास घट्टे पडेपर्यंत काम केले. त्यास असा माणूस परका वाटेल काय?

महोत्सव हा आनंदाचा प्रसंग, त्याचबरोबर हिशेब तपासण्याचाही. येत्या हंगामात आपल्या भागात तमाशाचा फड उतरेल, तेव्हा त्या कनातीमागे एखादी आजारी म्हातारी असेल, शाळा बुडालेले मूल असेल, अंगावर पिते लेकरू घेऊन घुंगरू बांधणारी आई असेल. त्या मुलास चार महिने का होईना वर्गात बसविणे, त्या म्हातारीस दवाखान्याची वाट दाखविणे, शासनाकडून वृद्ध कलावंतांस मिळणाऱ्या मानधनाचा अर्ज तिला भरून देणे, ही कामे मोठ्या खर्चाची नव्हेत. ती आपल्या धर्मग्रामातील तरुणांस सहज करता येतील. मुखेडच्या शिवालयावरील दगडी नर्तकीस ऊनपाऊस सोसवतो. जिवंत नर्तकीस मात्र छप्पर लागते, आणि ते देण्याचे पुण्य परमेश्वराने आपल्या हाती ठेविले आहे.