जनीला मुख्य भूमिका कधी?

प्रत्यक्ष विठ्ठलाला जात्याच्या खुंट्याला हात लावायला लावणारी बाई परभणी जिल्ह्यातली. गोदाकाठचं गंगाखेड हे तिचं गाव. दमा आणि करुंड यांची ही लेक लहानपणीच पंढरपुरात नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी आली, जन्मभर तिथंच राबली आणि शके १२७२ मध्ये, म्हणजे इ. स. १३५० साली तिनं देह ठेवला, असं परंपरा सांगते. त्यानंतर जनाबाई कीर्तनात आली, रंगभूमीवर आली, पडद्यावर आली. पण बहुतेक वेळा ती दुसऱ्याच्या गोष्टीत आली. गोष्ट नामदेवांची, आणि कोपऱ्यात दळण दळणारी जनी.

नामदेवांचं नरसी आज हिंगोली जिल्ह्यात आहे. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. तोवर धनी आणि दासी एकाच जिल्ह्याचे होते. नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्यांच्या नावानं पंजाबातल्या घुमानला भरलं. हा मान योग्यच आहे. पण त्यांच्याच अंगणात शेण गोळा करता करता अभंग रचणारीचं कौतुक गंगाखेडच्या वेशीबाहेर किती गेलं? गावात तिचं मंदिर आहे, तिच्या नावाचं महाविद्यालय आहे. पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात तिचं जातं दाखवतात. वारकरी तिथं वाकून नमस्कार करतात आणि पुढं जातात.

तिची खरी चाहती मंडळी निराळीच होती. पहाटे तीनला उठून जात्यावर बसणाऱ्या बायांनी जनीला कधी दुय्यम मानलं नाही. त्यांच्या ओव्यांत विठ्ठल येतो तो जनीच्या ओढीनं: तिच्या शेणी वेचायला, तिचे केस विंचरायला, तिच्यासोबत दळायला. रखुमाईला त्याचा राग येतो, आणि ओवी गाणारी बाई जनीची बाजू घेते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. विजेची गिरणी गावात आली आणि जात्यावरचं गाणं थांबत गेलं, त्या काळात हे काम झालं. एखाद्या व्यक्तिरेखेवर इतक्या बायांनी, इतकी शतकं, कुणी न सांगता जीव लावल्याचं दुसरं उदाहरण मराठीत सापडणं कठीण आहे.

जनीची थोरवी मात्र नुसत्या सोशिकपणात नाही. तिच्या नावावर साधारण साडेतीनशे अभंग आहेत आणि ते नामदेवांच्या गाथेतून आपल्यापर्यंत आले. त्यांत ती देवाला आई म्हणते, मैत्रीण म्हणते आणि रागावली की त्याला शिव्याशापही देते. डोक्यावरचा पदर ढळू देऊन, टाळ घेऊन भर बाजारात जाण्याची भाषा ती तेराव्या-चौदाव्या शतकात करते. बाईचा जन्म मिळाला म्हणून खंत करू नये, असंही ती सांगते. सगळ्या संतांना विठ्ठलाच्या अंगाखांद्यावर बसवणारा तो प्रसिद्ध अभंग तिचाच. गाणाऱ्या अनेकांना हे ठाऊक नसतं.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. जनी स्वतः कथा रचणारी होती. द्रौपदीच्या थाळीची कथा आणि हरिश्चंद्राचं आख्यान तिच्या नावावर आहे. पुढं कवी मुक्तेश्वरांना तिच्या रचनांतून स्फूर्ती मिळाली असं मानलं जातं. दारात पाहुणे उभे आहेत आणि भांडं रिकामं आहे, हा द्रौपदीवरचा प्रसंग निवडावा तो स्वयंपाकघर जाणणाऱ्या बाईनंच.

पडद्यावर तिला एकदा मोठी संधी मिळाली. १९४९ मध्ये प्रभात फिल्म कंपनीचा 'संत जनाबाई' आला आणि जनाबाई झाल्या हंसा वाडकर. त्याआधी १९४१ च्या 'संत सखू'तली सखूही त्यांचीच. प्रभातचा सुवर्णकाळ तेव्हा मागे पडला होता. 'संत तुकाराम' १९३६ चा, 'संत ज्ञानेश्वर' १९४० चा. त्यांची नावं आजही घरोघरी निघतात, 'संत जनाबाई'चं क्वचित. हंसाबाईंची आठवण निघते ती १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'साठी, किंवा त्याच नावाच्या त्यांच्या आत्मकथनासाठी, ज्याच्या आधारानं श्याम बेनेगल यांनी १९७७ मध्ये 'भूमिका' काढला. या थोर अभिनेत्रीच्या कारकिर्दीतही जनी मागेच राहिली, हा तिच्यावरचा अन्यायच आहे.

आता दूरचित्रवाणी. २०१४ मध्ये 'तू माझा सांगाती' सुरू झाली ती तुकारामांवर, २०२१ मध्ये 'ज्ञानेश्वर माउली' आली ती ज्ञानेश्वरांवर. दोन्ही नावांच्या केंद्रस्थानी देव किंवा पुरुष. पण रोजच्या मालिकेचं सामर्थ्य घरातल्या कामाधामात असतं. चूल, अंगण, पाणवठा, सासुरवास यांतूनच ती चालते. १९३६ च्या 'संत तुकाराम'मध्ये गौरीबाईंनी तुकोबांची बायको आवली अशी उभी केली की ती आजही डोळ्यांपुढून हलत नाही. आवलीला मालिकेतही भरपूर वाव मिळाला. संताच्या घरातली बाई प्रेक्षकाला धरून ठेवते, हे यातून सिद्ध झालं आहे. मग जी स्वतःच संत आणि कवी, तिच्यावर मालिका रचायला कुणाची आडकाठी?

नाट्याला तर इथं तोटाच नाही. आईबापांपासून तुटलेली पोर आहे. देवाच्या गळ्यातलं पदक चोरल्याचा आळ आहे, सुळाकडे नेलेली जनी आहे आणि त्या सुळाचं पाणी झाल्याची आख्यायिका आहे. मोठ्या घरात सगळे अभंग रचतात, तिथं मोलकरणीनंही रचावेत आणि ते टिकावेत, हा या सगळ्यांहून मोठा प्रसंग आहे.

मालिका लिहिणाऱ्यांनी एकदा परभणीहून परळीकडे जाणाऱ्या गाडीनं गंगाखेडला उतरावं, गोदावरीच्या घाटावर जावं आणि गावातल्या म्हाताऱ्या बायांना जनीच्या ओव्या म्हणायला सांगावं. ज्यांना त्या पाठ आहेत अशा बाया आता थोड्याच उरल्या आहेत; हे काम लवकर हाती घ्यायला हवं.